पिवळ्या रेनकोटाच्या पापण्या

आई, तू पाहिलेला टीव्ही म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधला लाकडी दारांचा, ज्याच्यासमोर रविवारी संध्याकाळी अख्खी रेल्वे कॉलनी चपला बाहेर काढून बसायची. त्यामुळे मी पोटासाठी काय करतो हे तुला सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. मी घरी बसून कार्टूनची चित्रं दुरुस्त करतो. परदेशात तयार झालेली मालिका इकडच्या चॅनेलवर दाखवायची असली, की त्यातलं जे इथे चालणार नाही ते काढायचं किंवा बदलायचं असतं. दारूच्या बाटलीचं सरबत करायचं, उघड्या पाठीवर ओढणी टाकायची, असं. नोएडाची एक कंपनी हे काम घेते आणि त्यातलं अवघड ते झाशीला माझ्याकडे पाठवते. अवघड तेच पाठवते, हे मुद्दाम लिहितोय. मी कुठल्या आर्ट कॉलेजची पायरी चढलेलो नाही. सदर बाजारात फ्लेक्स छापायच्या दुकानात सहा वर्षं काढली, तिथल्याच कॉम्प्युटरवर दुपारी, मालक जेवायला गेला की, स्वतःचं स्वतः शिकलो. आज माझ्या कामात जोड कुठे आहे हे दाखवून दे म्हटलं तर कंपनीतली डिग्रीवाली पोरंही दाखवू शकत नाहीत.

पण पत्र त्यासाठी नाही. शनिवारी आमचं लेकरू भोपाळहून येतंय. वीस वर्षांचं आहे, तू गेलीस त्यानंतर दोन वर्षांनी झालं. त्याला कॉलेजात एक प्रोजेक्ट करायचा आहे आणि त्यासाठी कंपनीनं मला पाठवलेली एक जुनी मेल बघायची आहे. मेल म्हणजे कॉम्प्युटरवर येणारं पत्र. त्या मेलमध्ये काय आहे याबद्दल मी त्याला खोटं सांगितलेलं आहे, आणि ते त्या खोट्यावर विसंबून माझ्याशी अजून बोलतंय. एवढीच गोष्ट आहे. गेले चार दिवस मी ती मेल उघडतो आणि बंद करतो. काही वाटत नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला नसतो, तसं.

लेकरू म्हणतोय त्याचंही कारण सांगतो. ते झालं तेव्हा मुलगी झाली म्हणून मी पेढे वाटले होते. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुट्टीत, मी कूलरची जाळी धुवून वाळत घालत होतो, तेव्हा ते मोबाइल घेऊन आलं आणि म्हणालं, "बाबा, बैठो ना. एक चीज़ देखनी है." मराठी त्याला सगळी कळते, बोलतं मात्र हिंदी. खाटेवर बसलो. समुद्रकाठच्या एका गावाची मालिका होती. त्यात पिवळा रेनकोट घातलेलं एक पात्र आहे, निळे केस कानापर्यंत कापलेले, मोडके रेडिओ गोळा करून दुरुस्त करतं. दीपगृह सांभाळणारी एक म्हातारी त्याला विचारते, तू मुलगा की मुलगी. ते दातात स्क्रू धरून म्हणतं, दोन्ही नाही, तो स्क्रूड्रायव्हर द्या. म्हातारी देते. अकरा सेकंदांचा प्रसंग. लेकरानं तो चार वेळा लावला.

"समझे, बाबा?"

"हो."

"क्या समझे?"

"म्हातारीनं चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर दिलाय. स्क्रू चौफुलीचा आहे. बसणारच नाही."

ते इतकं हसलं की खाटेवर आडवं झालं. मग उठून बसलं आणि म्हणालं, "मेरा भी यही है, बाबा. दोनों नहीं." मी जाळीचं पाणी झटकलं. म्हणालो, "बरं. जेवून घे." हिनं आतून विचारलं काय झालं, तर मी सांगितलं, कार्टून. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला लेकरू म्हणायला लागलो. तेवढं एक मला जमलं आणि मला वाटलं, झालं, विषय संपला.

तुला यात नवल वाटू नये असं मला वाटतं, कारण पाच वर्षांचा होईपर्यंत मी कोण होतो हे झाशी शहरात फक्त तुला आणि दादांना माहीत होतं. माझ्या आधीचे दोघे गेले, म्हणून तू माझं नाक टोचलंस, सोन्याची तार घातलीस, केस वाढवलेस, फ्रॉक शिवलेस. मुलगा म्हणून नजर पडू नये. तेही कसे, तर हातशिलाईनं, गळ्याला लेस लावून, फ्रॉकला जुळणारी चड्डी वेगळी. अर्धवट तुला चालायचंच नाही. मला तो दिवस दिसतो: तू अंगणात पाटावर बसून मेथी निवडते आहेस, मी तुझ्या मांडीला टेकलोय आणि पलीकडची बुंदेली काकी कमरेवर घागर घेऊन उभी आहे, मुलगा की मुलगी ते विचारते आहे. "काय बाई, जो मोड़ा आय कै मोड़ी?" तू मान वर न करता म्हणतेस, "अभी तो मोड़ी है. पाँच साल की हो जाए, फिर बताऊँगी." काकी हसून घागर भिंतीवर टेकवते. पाच पूर्ण झाल्यावर लक्ष्मी तालावर महालक्ष्मीच्या देवळात केस उतरवले, तार देवीला वाहिली आणि मी पँट घालून घरी आलो. शाळेत कुणीतरी नाकाचं भोक बघून चिडवलं, तेव्हा मी येऊन तुला विचारलं होतं, असं का केलंस. तू कणिक तिंबत होतीस. म्हणालीस, "जिवंत आहेस ना? मग झालं." पुन्हा तो विषय आपल्या घरात निघाला नाही. लेकरानं लहानपणी एकदा माझ्या नाकपुडीवर बोट ठेवून विचारलं होतं, हे काय आहे. मी म्हणालो, देवी आल्या होत्या, त्याचा वण.

चित्र काढायला मला तूच शिकवलंस, हे मी लोकांना सांगत नाही. लोकांना सांगतो, माझं मीच शिकलो. चैत्रात तू अंगणात गेरूनं सारवून चैत्रांगण काढायचीस, गौरीचा पाळणा, कासव, सूर्य, चंद्र, नाग, आणि मला एका कोपऱ्यात कासव काढायला द्यायचीस. एकदा मला खेळायला जायची घाई होती, मी तीन पाय काढले आणि उठलो. तू पूर्ण कासव हातानं पुसलंस, शेजारची माझी चांगली आलेली तुळससुद्धा पुसलीस. "अर्धं काढायचं असेल तर काढू नकोस. बघणाऱ्याला वाटतं, घरात कुणी शहाणं माणूस नाही." आठवीत चित्रकलेचं बक्षीस हुकलं तेव्हा स्टेशनवरच्या स्टॉलवरून तू मला भिंग आणून दिलंस. काचेवर एक चरा होता. तो चरा कुठून कुठे होता ते मी आजही काढून दाखवीन.

आता ती मेल. लेकरू दिवाळीनंतर भोपाळला गेलं आणि माघात कंपनीकडून काम आलं ते नेमकं त्याच मालिकेचं. सव्वीस भाग. मेल दोन ओळींची होती. म्हातारीचा तो प्रसंग काढून टाका. बाकी आहे तसं राहू द्या, मुलं बघतात, कुणी इतकं निरखत नाही. बस, एवढंच. रेनकोटवाल्या पात्राला हात लावायला कुणीही सांगितलं नव्हतं.

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. प्रसंग काढला तर पात्र अर्धवट राहील, असं लिहिलं. बघणाऱ्याला प्रश्न पडेल आणि उत्तर कुठेच नसेल, ते काम म्हणून वाईट दिसेल. त्यापेक्षा त्याची सरळ मुलगी करावी. प्रत्येक डोळ्याला दोन पापण्या, म्हणजे पापणीच्या केसांच्या दोन रेषा, बाजूनं दिसेल तेव्हा एक, केसांत डावीकडे लाल रिबन. सव्वीसही भागांत सारखं करून देतो. नमुन्याचं चित्र सोबत जोडलं. कंपनीतून उत्तर आलं, "वाह भाईसाहब, आप तो हमसे भी आगे निकले. कर दीजिए."

चार महिने लागले. अकरा सेकंदांच्या जागी दीपगृहावरून उडणारा समुद्रपक्षी टाकला, सेकंदाला बारा याप्रमाणे एकशे बत्तीस चित्रं, पंखांची उघडझाप वाऱ्याच्या दिशेप्रमाणे. पावसातल्या प्रसंगांत पापण्या ओल्या होऊन खाली येतात, तेही केलं. लेकराचा फोन यायचा, मी कूलरच्या आवाजात म्हणायचो, काम चाललंय. कसलं, ते सांगितलं नाही. मला भीती वाटत होती असं लिहिलं तर ते छान दिसेल, तुझ्या शेजारी जाऊन बसल्यासारखं होईल. पण तू घाबरली होतीस, तुझी दोन गेली होती. मला त्या चार महिन्यांत काहीच वाटलं नाही. रेष बरोबर येत होती. एवढंच आठवतं की रिबनची गाठ कशी पडते ते बघायला मी भिंतीवरचा फोटो काढून टेबलावर ठेवला होता, लेकराचा, पहिलीतल्या स्नेहसंमेलनाचा. काम झाल्यावर परत खिळ्याला लावला. तो तिरका लागला होता, ते हिच्या लक्षात आलं.

मालिका गेल्या वर्षी इकडे लागली. जेठात लेकरू सुट्टीला आलं होतं. शेजारच्या भैयांची चार वर्षांची नात आमच्याकडे दुपारी कार्टून बघायला येते, ती बसली होती. लेकरू खरबूज कापत होतं. सुरी हातात धरून ते टीव्हीच्या अगदी जवळ गेलं.

"हटो ना, दिखता नहीं," ती छोटी म्हणाली.

ते सरकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणालं, "बाबा, ये आपका काम है."

"कशावरून?"

"पलकें देखो. दूसरी वाली ज़रा छोटी है. मुझे भी तो ऐसे ही सिखाया था."

खरं आहे. दुसरी पापणी जराशी आखूड काढली की डोळा जिवंत वाटतो. ते सात वर्षांचं होतं तेव्हा स्टुलावर बसवून मीच त्याला शिकवलं होतं. कंपनीत कुणाला कळलं नाही, याला एका नजरेत कळलं. आणि आई, खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"उन्होंने कहा था?" त्यानं विचारलं.

"हो. मेल होती."

"पलकें भी? रिबन भी?"

"सगळं. कंपनीचं काम म्हटलं की ते सांगतील तसं."

छोटी म्हणाली, "ये दीदी रेडियो ठीक करती है." लेकरानं तिच्या हातात खरबुजाची फोड दिली आणि मला म्हणालं, "अच्छा किया है. जोड़ कहीं नहीं दिखता." मग म्हणालं, "कंपनी ने कहा तो आप क्या करते. नौकरी है." आणि आत जाऊन उरलेलं खरबूज कापलं. त्या सुट्टीत ते माझ्याशी नेहमीसारखंच वागलं. जाताना स्टेशनवर पाया पडलं. पायाला हात लागला तेव्हा मी प्लॅटफॉर्मच्या घड्याळाकडे बघत होतो.

आता त्यानं प्रोजेक्टला हाच विषय घेतलाय. अशी पात्रं कुठल्या देशात कशी बदलतात, कुणाच्या सांगण्यावरून. चार दिवसांपूर्वी फोनवर म्हणालं, "बाबा, आपकी वाली मेल सबसे काम की है. बाकी सब तो अंदाज़ा है, आपके पास तो लिखा हुआ है." त्याच्या आवाजात माझ्याबद्दल अभिमान होता. हिला मी खरं सांगितलं. ती भाकरी उलटवत होती, तिनं तवा उतरवून ठेवला. म्हणाली, "काढून टाका ती मेल. हरवली म्हणा." मग जेवण झाल्यावर ताटं उचलताना म्हणाली, "नाहीतर नका काढू. मला नाही कळत." मेल काढून टाकणं फार सोपं आहे, एक बटण. लेकरू विश्वास ठेवेल. प्रोजेक्टमध्ये लिहील की, माझ्या वडिलांना असं करायला लावलं गेलं. कॉलेजच्या कपाटात ते कायमचं राहील, नीट बांधलेलं, कुठेही जोड न दिसणारं. आणि दाखवली तर त्याला वाचता येईल की ज्या दिवशी त्यानं मला खाटेवर बसवून स्वतःबद्दल सांगितलं, त्यानंतर चार महिन्यांत मी, कुणी विचारलं नसताना, ते पुसायची सूचना केली, आणि सूचनेला नमुनाही जोडला. त्यानंतर ते शनिवारी रात्री राहील की त्याच संध्याकाळच्या गाडीनं जाईल, हे मला माहीत नाही. पुन्हा येईल की नाही, तेही.

तुला विचारावं म्हणून लिहायला बसलो. पण तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, आणि ते मला पुरणार नाही. पत्र टाकायचं तरी कुठे, रेल्वे कॉलनीतलं आपलं क्वार्टर पाडून तिथे आता गाड्या उभ्या करतात. हे वहीतच राहील.

आज बुधवार. सकाळी मी दोन्ही मेल कागदावर काढल्या, कंपनीच्या दोन ओळी आणि माझं उत्तर, आणि पिन मारून लेकराच्या टेबलावर ठेवल्या. माझं उत्तर वर ठेवलं होतं. दुपारी जेवून झाल्यावर गेलो, पिन काढली आणि कंपनीचं पान वर घेतलं. माझं खाली आहे. तिथेच आहे, फाडलेलं नाही. पण वर ठेवलेलं नाही.