एकेरी

दि. ९ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली, आणि त्यावरून तू डॉक्टरांशी भांडलीस हे वाचून काळजी मिटली. भांडायची ताकद आहे म्हणजे बरी आहेस.

मी इथे रुळले. पोरगी परदेशात मोठ्या कचेरीत आहे असं तू सगळ्यांना सांगत सुटली आहेस, ते जरा कमी कर. कचेरी मोठी आहे, मी नाही. बाहेरून आलेल्यांना या देशात राहू द्यायचं की परत धाडायचं, ते इथे ठरतं. टेबलामागे साहेब, समोर अर्जदार आणि बाजूच्या खुर्चीत मी, दुभाषी. साहेबांचं बोलणं आपल्या भाषेत सांगायचं, अर्जदाराचं त्यांच्या भाषेत. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. आणि खोलीबाहेर अर्जदाराशी अवाक्षर बोलायचं नाही, बरं आहे ना एवढंसुद्धा नाही. मला लहानपणी बडबडी म्हणणाऱ्या सगळ्यांना हे आवर्जून कळव.

आता अडचण ऐक. यांच्या भाषेत तू, तुम्ही, आपण अशी भानगडच नाही. राजाला आणि रंकाला शब्द एकच. मग मी कुठला घ्यायचा? वकील आले की साहेब मान वर करून अदबीनं बोलतात. अर्जदार आला की डोकं कागदात. याला विचार, हिला सांग, पुरे म्हणावं. शिवी एकही नाही, पण आपल्या भाषेत त्याला सरळ अरे-तुरेच म्हणतात. माझ्या आधीचा दुभाषी सगळ्यांना तू म्हणायचा. मी तुला तू म्हणते ते लाडाचं, आणि ते वेगळं. समोर वडिलांच्या वयाचा माणूस असला की माझी जीभ तशी वळतच नाही. मी सगळ्यांना अहो-जाहो करते.

पुढच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या सुतारकाकांची सुनावणी आहे. अर्जात लिहिलंय की बायको गेली, दंगलीत घर जळालं. एकुलती एक मुलगी इथल्या इस्पितळात चादरी धुण्याच्या कामावर आहे, तिच्याजवळ राहू द्या एवढंच मागणं. नाही म्हणाले तर त्यांना पाठ टेकायला कुठे जागा नाही. वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाहीत.

लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा दुखता राहू देऊ नकोस.

तुझी,
बडबडी


दि. २० जानेवारी

चि. बडबडी हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून ऊर भरून आला, हे खरं तर लिहिणार नव्हते. डोक्यावर बसशील.

पण बरं केलंस. आठवतं का, आजी बाहेरच्या खोलीत, तुझी आई स्वयंपाकघरात, दोघींत अबोला आणि मधे निरोप्या तू. आजी फणकारायची की चहात साखर घालायला हिला माहेरून परवानगी लागते का. आणि तू आत जाऊन सांगायचीस की आजींना चिमूटभर साखर हवी आहे. हे तुला मी शिकवलं होतं. आपलं घर टिकलं ते त्या साखरेवर, तुझ्या वडिलांच्या पगारावर नाही.

तेव्हा त्या साहेबाच्या जिभेवर साखर नसेल तर तू पेर. तुझं काय जातं? जो माणूस घरादाराला मुकून दारात उभा आहे, त्याला दोन शब्द मानाचे मिळाले तर कुणाचं राज्य बुडत नाही. आपल्याकडे म्हणच आहे, द्यायला भाकरी नसली तरी बोलायला शब्द गोड असावा. अशी म्हण नसली तर आजपासून आहे.

सुतारकाकांचं काय झालं ते लगेच कळव. स्वतः नीट जेव. लोभ इकडून पाठवते आहे, पोचपावती दे.

तुझी,
आत्या


दि. ३० जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काकांची सुनावणी झाली, आणि तू असतीस तर माझ्या पाठीवर थाप दिली असतीस. ते आले तेव्हा पाणी प्यायला घेतलं तर अर्धं कोटावर. वकील कुणी नव्हता. साहेबांनी कागदातून मान न काढता म्हटलं की याला विचार, आल्यावर पहिले काही महिने झोपत कुठे होता. मी विचारलं की काका, सुरुवातीला आपला मुक्काम कुठे होता.

आत्या, तो मुक्काम शब्द ऐकला आणि माणूस बदलला. पाहुण्यासारखे सावरून बसले. मुलीच्या खोलीत एकच खाट, म्हणून फर्निचरच्या एका कारखान्यात झोपायचे. मालक आपल्याच बाजूचा, फार भला. आणि फुकट राहणं काकांच्या रक्तात नाही, म्हणून दिवसा रंधा मारायचे, खुर्च्यांचे पाय बसवायचे. एक कपाट तर त्यांनी एकट्यानं केलं. त्याचे कप्पे कसे सरकतात ते त्यांनी दोन्ही हातांनी हवेत करून दाखवलं. साहेबांनी विचारलं की याला त्याचं काय मिळत होतं. मी विचारलं की त्याबद्दल काही बिदागी मिळायची का. काका हसले. म्हणाले की न मागता, दर आठवड्याला, हातात.

साहेब भराभर लिहीत होते. मी त्यांना इतकं लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. टेबलामागचे कायदे मला अजून उमगत नाहीत, मी नवीच आहे. पण एखाद्याचं इतकं लक्ष देऊन ऐकतात म्हणजे चांगलंच असणार, नाही का?

शेवटी काकांनी उठून छातीवर हात ठेवला. साहेबांना सांगा म्हणाले, या देशात आल्यापासून इतक्या मानानं माझी कुणी चौकशी केली नव्हती, त्यांचे माझ्याकडून आभार माना. मी ते शब्दाला शब्द सांगितलं. साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. कसले आभार ते त्यांना कळेचना, मलाच हसू आलं.

बाहेर मुलगी भिंतीला टेकून उभी होती. काका तिला सांगत होते की साहेब देवमाणूस आहे, मी काही हातचं राखलं नाही. मला बोलता येत नाही म्हणून नुसती हसून पुढे गेले.

निकालाची वाट पाहते आहे. लोभाची पोच दिली, आता त्यात भर घाल.

तुझी,
बडबडी


दि. ११ फेब्रुवारी

चि. बडबडी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मधेच थांबले. का ते सांगते.

आमच्या इमारतीत जिना झाडायला एक माणूस येतो. परमुलखातला, बोलणं तुटकं, काम चोख. सगळे त्याला ए म्हणतात, मीही म्हणायचे. तुझ्या पत्रानंतर वाटलं की पोरगी तिकडे अहो-जाहो करते आणि आपण इकडे हे काय चालवलंय. म्हणून परवा त्याला म्हटलं, अहो, जरा इकडे येता का. बाई गं, तो झाडू टाकून उभाच राहिला, चेहरा पांढराफटक. मग हळूच विचारलं की माझं काय चुकलं. मागच्या ठिकाणी त्याला काढलं तेव्हा असंच गोड बोलून आत बोलावलं होतं म्हणे. त्याच्याशी कुणी ए म्हणून बोललं की त्याला कळतं आपण कुठे उभे आहोत.

मी त्याला चहा दिला. त्यानं तो उभ्यानंच प्यायला.

आणि मग तुझे काका आठवले. ज्याला मान वर करायची फुरसत नव्हती, तो साहेब अचानक इतकं काय लिहायला लागला? कारखान्यात राहिले, काम केलं, पैसे घेतले, हे तिथे चालतं का? तू विचारलंस का कुणाला? मी चुकत असेन तर मला मूर्ख म्हण, आनंदानं ऐकून घेईन. पण लवकर लिही.

लोभ आहे, आज त्याच्यात काळजीच जास्त आहे.

तुझी,
आत्या


दि. २२ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू मूर्ख नाहीस.

परवानगीशिवाय काम केलं म्हणून अर्ज फेटाळला. काकांच्याच तोंडचं सगळं त्यात आहे, कपाटासकट. कारखान्यावर धाड पडली. मालकाला धरलं, आणि तिथे झोपणाऱ्या आणखी काही जणांना गाडीत घालून नेलं. एवढं सगळं काकांनी हसत हसत सांगितलं होतं, आणि ते हसले होते माझ्यामुळे.

निकाल अर्जदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. ते कुणाचं काम, ते तुला सांगायला नको. मी वाचला. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की काहीतरी घोटाळा झालाय, मला साहेबांशी दोन मिनिटं बोलू द्या, त्यांना माझं सगळं माहीत आहे, ते भले गृहस्थ आहेत. साहेब तिथेच बसले होते, पुढच्या अर्जाच्या गठ्ठ्याची दोरी सोडत.

मुलीला आज आत येऊ दिलं होतं. इस्पितळात दिवसभर कानावर पडून तिला इथली भाषा थोडी येते. तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं की साहेबांनी त्या दिवशी बाबांना नेमकं कुठल्या शब्दांत विचारलं होतं. खोलीत विचारलं, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. मी साहेबांचे शब्द सांगितले आणि मग माझे. मुक्काम. बिदागी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नंतर तिनं बापाच्या कोटाची बटणं लावली, कारण त्यांना ती लावता येत नव्हती.

आत्या, मी मान दिला आणि माणूस घालवला. मला कुणाशी बोलता येत नाही म्हणून तुला लिहिते आहे.

लोभ अजून असेल तर ठेव.

तुझी,
बडबडी


दि. ४ मार्च

चि. बडबडी हिस,
अ. उ. आ.

रडून झालं असेल तर डोळे पूस आणि ऐक. मी समजूत घालणार नाही, तुझ्या सुतारकाकांची ती कुणी घातली नाही.

घरात साखर चालते, कारण भांडणाऱ्या दोघींना एकाच छपराखाली राहायचं असतं. तिथे एकजण दुसऱ्याला घराबाहेर काढायला बसलाय. तिथे पेरलेली साखर त्याच्याच कामी आली. गोमुखव्याघ्र म्हणतात तो असा, आणि गाईचं मुख तू पुरवलंस. मान तुझ्या घरचा होता, तो त्या साहेबाच्या नावावर का खपवलास? अरे-तुरे ऐकलं असतं तर म्हातारा सावध राहिला असता. भ्यायला असता, वकील मागितला असता. ते भय त्याच्या हक्काचं होतं, गं.

आता वरच्या साहेबाकडे जा आणि सांग की मी शब्द बदलले, सुनावणी पुन्हा घ्या. नोकरी गेली तर गेली. माझ्याकडे ये, दोघी भांडू.

लोभ ठेव म्हणून विचारतेस? मूर्ख तू आहेस.

तुझी,
आत्या


दि. १९ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेले होते. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी. वरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण लावून दुसऱ्या दुभाष्याकडून तपासून घेतलं. प्रश्नांचा अर्थ बरोबर होता आणि उत्तरं काकांची स्वतःची होती, म्हणून निकाल कायम. साहेब अर्जदारांशी नीट बोलत नाहीत हेही मी सांगितलं. त्या म्हणाल्या की मुद्रणात एकही वाईट शब्द नाही. तेही खरंच आहे. मला ताकीद मिळाली की यापुढे जसं बोललं जाईल तसंच सांगायचं. काकांना त्याच आठवड्यात पाठवलं. कुठे उतरले, कोण न्यायला आलं, मला कळायचा मार्ग नाही. मुलीला विचारायला तोंड नाही, आणि परवानगीही नाही.

मी नोकरी सोडली नाही, रागावू नकोस. मी गेले तर त्या खुर्चीत कोण बसेल याची खात्री नाही.

त्याच सुमारास एक बाई आल्या, माझ्या आईच्या वयाच्या, मुलाजवळ राहायची परवानगी मागायला. साहेब कागदात बघत म्हणाले की हिला विचार, नवरा कुठे आहे. मी विचारलं की ए, तुझा नवरा कुठे आहे ते सांग. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या अंगावर चप्पल फेकली होती. पाठ ताठ झाली. पदराचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाल्या की वकील आल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. साहेबांना सुनावणी पुढे ढकलावी लागली. पुढच्या खेपेला वकील शेजारी होते. साहेब वकिलाशी अदबीनं आणि बाईंशी तसेच बोलले, आणि मी दोन्ही जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी विचारलं तेवढंच उत्तर दिलं, त्यापुढे एक अक्षर नाही. काल त्यांना राहायची परवानगी मिळाली.

निकाल वाचून झाल्यावर मी बाहेर आले तर बाई मुलाच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगत होत्या की साहेबाचं काही नाही, तो परका, त्याला आपली पद्धत काय ठाऊक. पण ही आपली. आपली भाषा बोलते आणि आईच्या वयाच्या बाईला ए म्हणते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो हाच. आणि त्या माझ्या पायाशी थुंकल्या.

मला बोलता येत नव्हतं, आत्या. मी पाय मागे घेतला आणि उभी राहिले. बाई मुलाचा हात धरून जिना उतरून गेल्या, इथल्याच गावात, त्याच्या घरी.

आता बाकावर बसलेली आपली माणसं मला पाहिलं की बोलणं थांबवतात, एक जण तर मुलाला जवळ ओढून घेतो. उद्या आणखी अर्जदार आहेत. तुझा लोभ असू दे, आता मला तो आणखी कुणाकडून मिळायचा नाही.

तुझी,
बडबडी