आकडा परत म्हणणारा

देवपूर, धुळे. रविवार, १४ डिसेंबर. संध्याकाळ.

१. सकाळी साडेसहाला तलावावर पक्षीफेरीला बावीस जण आले.
२. मी दुर्बिणीतून मोजून मोठ्याने सांगितलं, "चक्रवाक, अठरा."
३. मग थांबले. अठरा कोणी परत म्हणालं नाही.

तीन वर्षं हर्षल म्हणायचा. मी आकडा सांगायचा, त्याने तो परत म्हणायचा, मगच वहीत लिहायचा. ही पद्धत मीच माझ्या सर्व्हेच्या नोकरीतून फेऱ्यांत आणली. पावसाळ्यात सातपुड्यातल्या रानभाज्या, थंडीत पाणपक्षी, सगळं असंच नोंदलं. दिवाळीपासून तो फैजपूरला वडिलांची केळीची बाग बघतोय. परत येईन म्हणाला होता. कधी, ते मी विचारलं नाही. का नाही विचारलं?

दर फेरीला येणारे निवृत्त मास्तर, आमचे नाना, हसले आणि लिहिणारा कुठे गेला ते अहिराणीत विचारलं. "तुना लिखणारा कथा गया व, ताई? आते तू मोजशी आनि वारा लिखी का?"

"मीच लिहिते, नाना," म्हटलं आणि पुढचा थवा मोजायला घेतला. दोनदा चुकले. मी सहसा चुकत नाही.

नुसता लिहिणारा हवा असता, तर त्या बावीसांतला कोणीही चालला असता. पण अठरा म्हटल्यावर मी त्याच्याच आवाजाची वाट बघत होते.

आत्ता त्याला निरोप लिहिला, फाल्गुनातल्या पळसफेरीला येशील का म्हणून. पुसला. फेरीचं निमित्त कशाला? दुसरा लिहून पाठवला:

"हर्षल, तू धुळ्याला परत येणार आहेस का? फेरीसाठी नाही, माझ्यासाठी विचारते आहे. गुरुवारपर्यंत कळव."