बारा नंबरचं झाकण

३ मार्च, सोमवार

गटाराचं चौदा नंबर चेंबर परत तुंबलं! वर्षभरात तिसऱ्यांदा. झाकण उचललं तर आत साबणाच्या वडीसारखी पांढरी, घट्ट चरबी. मुकादमाने पहार मारली, ती रुतून बसली. दोघांनी मिळून ओढली तेव्हा सुटली, आणि मुकादम सपशेल आडवा! मी हसले. तो नाही हसला.

साहेब म्हणाले, "वरच्या अंगाला एकच खानावळ आहे. तिसरी नोटीस काढा आणि गटाराची जोडणी तोडा."

ती खानावळ माझ्या मावशीची. आई गेल्यावर मी तिच्याच मागच्या खोलीत वाढले. पहिल्या दोन नोटिसांवर सही माझी आहे, कारण या भागाची निरीक्षक मीच. जोडणी तुटली की मावशीची चूल बंद.

शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली.

४ मार्च

मावशीने दोन्ही नोटिसा दरपत्रकाशेजारी चिकटवून ठेवल्यात! ताट येईपर्यंत गिऱ्हाइकं वाचत बसतात. ‘तेल, चरबी, खरकटे व उकळते पाणी सार्वजनिक गटारात सोडण्यास सक्त मनाई आहे’ – एका आजोबांना तर तोंडपाठ आहे, त्यांनी मला चालीवर म्हणून दाखवलं.

"मावशी, खरं सांग, तळणीचं तेल मोरीत ओततेस का?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" असं म्हणून तिने माझ्यापुढे ताट आदळलं. रागावली तरी वाढायचं काही सोडत नाही. भात दोनदा वाढला.

मग म्हणाली, "दोन-दोन नोटिसा दिल्यास. माझी टाकी एकदा तरी उघडलीस?"

नाही उघडली. तेल अडवायची टाकी तिच्या मागच्या अंगणात, फरशीखाली आहे. मावशीकडे जाऊन झाकणं उचकटायची म्हणजे तिचे डबे धुंडाळल्यासारखं वाटलं. म्हणून न बघताच लिहून मोकळी झाले. हे या वहीबाहेर कुठे बोलायची सोय नाही.

५ मार्च

उघडली. इतकी स्वच्छ, की मुकादम म्हणाला, "ताई, आमच्या घरची प्यायच्या पाण्याची टाकी अशी नाही हो!" मावशी दर सोमवारी खानावळ बंद ठेवते ती याच्यासाठी. कोपरापर्यंत हात घालून वरचा थर काढते, डब्यात भरते, साबणवाला घेऊन जातो. आणि मी समजत होते, सोमवारी ती झोप काढते!

एवढं कशाला करतेस, म्हणून विचारलं.

"खाली त्या घाणीत कोण उतरतं? तूच ना?"

मला रडूच आलं. अंगणात, मुकादमासमोर. त्याने बिचाऱ्याने आभाळाकडे बघितलं.

पण मग चरबी येते कुठून?

६ मार्च

डोकं चालवायचं सोडून आम्ही पहार चालवत होतो! मावशीचं पाणी तेरा नंबरात उतरतं. तेव्हा तिच्याही वरचं बारा उघडायचं. तिथे चरबी असली तर मावशी सुटली – पाणी काही चढ चढत नाही. आजवर हे कुणाला सुचलं कसं नाही? सुचलं असेलही. पण बारा नंबरवर कायम साहेबांची जीप उभी असते, सावलीची जागा म्हणून!

मी आणि मुकादमाने जीप ढकलली. साहेब खिडकीतून ओरडताहेत – "अहो, काय चाललंय! अहो, माझी जीप!"

झाकण वर घेतलं. आत काठोकाठ चरबी!! मी मुकादमाला टाळी दिली, दोघांचे हातमोजे बरबटलेले. चरबी बघून उड्या मारणारी बाई या गल्लीने पहिल्यांदाच पाहिली असेल.

बाराच्या वर दोनच जागा आहेत. बेकरी आणि आमचं ऑफिस.

७ मार्च, शुक्रवार

हिरवा रंग बाहेर काढला. संशय असेल त्या मोरीत ओतायचा आणि चेंबरवर माणूस उभा करायचा. आधी बेकरी. मुकादम बारावर वाकून बसला. वीस मिनिटं झाली, काही नाही. तिचं पाणी मागच्या गल्लीतल्या लाइनीत जातं, नकाशा चुकीचा!

मग आमचं कॅन्टीन. ओतला, आणि मिनिटभरात बाहेरून आरोळी – "आलं, ताई! हिरवंगार आलं!"

कॅन्टीनची टाकी शोधली तर तिच्यावर बटाट्यांची पोती. आचारी म्हणतो, "ही टाकी आहे होय? मला वाटलं ओटा आहे." आत चरबीचा दगड झालेला. रोज दुपारी मिटक्या मारत तळलेलं खातो आम्ही, त्याचा!

सगळ्या कॅन्टीनसमोर मी जाहीर केलं, "ज्या गाढवाने ही टाकी पास केली ना, त्याला मी सोडणार नाही!" साहेब म्हणाले, "जरूर शोधा." सोमवारी जुन्या फायली काढते.

धावत जाऊन मावशीला सांगितलं – सुटलीस!

"बरं. जेवलीस का?"

१० मार्च, सोमवार

गाढव सापडलं. दोन वर्षांपूर्वीचा कागद – ‘टाकी उघडून पाहिली. योग्य आहे.’ खाली सही माझी. आचाऱ्याने चहा पुढे केला होता, आणि आपल्याच ऑफिसचं काय उघडून बघायचं!

तिसरी नोटीस लिहिली, मलाच. मावशी अंगणात टाकीत हात घालून बसली होती, तिला वाचून दाखवली. तिने सगळी ऐकली.

"एक प्रत दे," म्हणाली. "भिंतीवर जागा आहे."