भीमेकाठी पुन्हा झोपड्या

दौंड, ४ फेब्रु. ५८
मुंबईहून फिल्म धुऊन आली. भिल्लांच्या झोपड्या पाडतानाचा सगळा भाग काळा. त्या दिवशी आभाळ आलेलं, आणि मामलेदारांची माणसं आमच्या उन्हासाठी थोडीच थांबणार! भीमेवर मासे धरणारी ही माणसं आता शिरूरकडच्या माळावर टाकलीत, तिथं प्यायला पाणी नाही. सगळी फिल्म यावरच उभी. आता काय दाखवू, कपाळ?

६ फेब्रु.
माळावर जाऊन आलो. सोमाआप्पा त्यांच्यातला वडीलधारा. म्हटलं, आप्पा, नदीवर चार झोपड्या परत उभारा, आम्ही नुसतं पाडल्यासारखं करू. तो म्हणाला, "एकदा पाडली ती पुरी न्हाई झाली का, सायेब?" वाक्य काय आहे! नेमकं आवाजाचं मशीन मुंबईत.
शेवटी कबूल झाला. सुनेचे, चंद्रीचे, दिवस भरत आलेत. चार दिस नदीचं पाणी तरी भेटंल तिला, म्हणाला.

९ फेब्रु.
झोपड्या उभ्या. बायकांनी चक्क सारवल्या. पाडायच्याच आहेत म्हटलं, तर हसल्या. म्हाताऱ्यानं मासे धाडले. मी आणि कॅमेरावाल्या दिनूनं चापले. उद्या शूटिंग.

१० फेब्रु.
कुणीतरी चुगली केली. मामलेदारांची माणसं हजर, आणि खरंच पाडायला लागली. दिनूनं कॅमेरा लावला. मी अडवलं नाही. चंद्रीची चूल लाथेनं उडवली. म्हातारा हवालदाराला माझ्याकडं बोट करून सांगत होता, ह्या सायबांनी बोलावलं म्हणून आलो. हवालदारानं बघितलं. मी दिनूला फोकस सांगत राहिलो.
ऊन लख्ख. शॉट अप्रतिम. लाज वाटते, तरी अप्रतिमच.

१२ फेब्रु.
मामलेदार म्हणतात, हुकूम मोडून नदीवर आले, आता माळावरची जागाही काढून घेणार. परवा सुनावणी. मी 'माझ्या सांगण्यावरून आले' म्हटलं तर जागा वाचेल. पण मग मुंबईला आमच्या ऑफिसात बोभाटा, की यानं प्रसंग बनवला. फिल्म कायमची डब्यात. दिनू म्हणे, "पाडलं तर खरंच ना?" गाढव. बनवलं कुणी, ते विचारतील.

१४ फेब्रु., दौंड स्टेशन
सुनावणी आज, मुंबईची गाडीही आत्ताच. म्हातारा फलाटावर आलाय. शिव्या घालेल वाटलं. चंद्रीला पहाटे माळावर मुलगा झाला म्हणतो. पाणी शेजारच्या वस्तीवरून मागून आणलं, एक कळशी. मग एवढंच, "सायेब, कचेरीत येताय न्हवं?"
बाकावर बसून हे खरडतोय. तो समोर उभा, मी लिहितोय म्हणून थांबलाय. दिनूनं डबे आत चढवले, दारातून हाका मारतोय. घंटा झाली.