फुंकणीची तक्रार

सोमवार, १२ नोव्हेंबर १९३४

नाशकात येऊन चोवीस तास झाले नाहीत, तोच एक गंभीर तक्रार नोंदवणे भाग पडत आहे. ती फुंकणीविरुद्ध आहे. रविवार कारंज्यापाशी घेतलेल्या या दोन खोल्यांत माझी बैठक आणि चूल यांत एकच भिंत. सकाळी मी वर्गासाठी धातुरूपे काढायला बसलो की पलीकडे सौ. चंद्रभागाबाई फूऽ फूऽ करून स्वतःची रूपे चालवतात. न्यायशास्त्र म्हणते, धूर दिसला की अग्नी आहे असे समजावे. आमच्याकडे धूर अर्धा तास आधी येतो, अग्नी यायचा तेव्हा येतो. हे तिला सांगितले तर म्हणाली, शास्त्रात चहा मिळत असेल तर तिकडेच बसा.

बाकी सारे उत्तम. शाळा जवळ, घरमालक अबोल. स्टेशनावरून येताना बैलगाडीत बंबाला पोचा आला आणि माझी शाल खिळ्याला अडकून फाटली, एवढेच नुकसान. कॅमेरा सुखरूप आहे. तिवईवरचा, काचा घालायचा, काळ्या फडक्यात डोके खुपसायचा. गेल्या महिन्यात देवळालीच्या एका साहेबाकडून घेतला. तो विलायतेला परत निघाला होता. सोबत त्याच्या स्वतःच्या फोटोची एक काच फुकट मिळाली: टेबलाशी बसून सही करताना. पावतीवर मात्र त्याने अंगठा उठवला. एवढा मोठा साहेब आणि निरक्षर! मी हसू दाबले.

एका मासिकाला मी नाशिकच्या कारागिरांवर सचित्र पत्रे कबूल केली आहेत. मोडलेले सांधणारे हात, हा विषय. मला स्वतःला खिळाही सरळ ठोकता येत नाही, त्यामुळे तटस्थपणे लिहिता येईल.

बुधवार, १४ नोव्हेंबर

शाळेआधी, आठाच्या सुमारास, तांबट आळीत. बहिरू तांबटाने बंब मांडीशी घेतला आणि आतून लोखंडी गोळा टेकवून बाहेरून ठोके घालू लागला. प्रत्येक ठोक्याखाली तांब्यावर नखाएवढा चंद्र उमटतो. चंद्राला चंद्र लागत पोचा नाहीसा झाला. पाहत राहावे असे काम.

काचेला तीन म्हणेपर्यंत स्थिर हात लागतो. हातोडी वर धरून थांब म्हटले तर बहिरू कुरकुरला, मास्तर, चालता ठोका मधेच धरायचा नसतो, भांडं रुसतं. आतून त्याची बायको मैना म्हणाली, धरा की, तेवढंच तीन आकडे आळीला शांतता. धरला.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत, बारा वाजता, अन्सारभाई रफूगारांकडे. शालीच्याच काठातले धागे काढून ते भोकात असे विणतात की फाटले कुठे होते ते मालकाला शोधावे लागते. सुई अर्ध्यावर थांबवून फोटो दिला. म्हणाले, मास्तरसाहेब, एक प्रत मालेगावला आमच्या रेहानाला पाठवा, पोरगी म्हणते अब्बा कधी बसलेले दिसतच नाहीत.

न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून दोन्ही काचा धुतल्या. सुंदर आल्या आहेत. बहिरूची हातोडी वर, अन्सारभाईंची सुई कापडाबाहेर.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

सांधणाऱ्यांत पहिला मान खरे तर घरचा. इथल्या चुलीचा काठ फुटला होता, सौ.ने माती कालवून तो असा लिंपला की जोड दिसत नाही. आठ वाजता खिडकीतून ऊन चुलीवर येते. म्हटले, फुंकणी तोंडाशी धर, वैरिणीचाही फोटो निघू दे.

ती हसायची थांबेना. हसली की फुंकणी हलते. शेवटी मी म्हणालो, मोठा श्वास घे आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस. गाल फुगवून बसली. एक, दोन, तीन. मग विचारते, आता सोडू, की मासिकात छापून येईपर्यंत धरू?

काच लगेच धुतली. यापेक्षा चांगला फोटो माझ्या हातून निघणार नाही.

शनिवार, १७ नोव्हेंबर

मैना सकाळी घरी आली. बहिरूचा हात थांबला आहे. मी जाऊन पाहिले. लचक नाही, सूज नाही. जेवतो, पागोटे बांधतो. हातोडी घेतली की हात वर जातो आणि तिथेच राहतो. आठ वाजता असे झाले म्हणे. मला पाहून हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, मास्तर, मोजायचं विसरलात का? तीन म्हणा ना.

मी तीन म्हणालो. हात खाली आला नाही.

घरी येऊन काच उजेडाला धरली. हातोडी खाली आहे. तांब्यावर टेकलेली. परवा ती वर होती. मी स्वतःच लिहून ठेवले आहे.

रविवार, १८ नोव्हेंबर

बाराला अन्सारभाईंसमोर उभा होतो. सुई अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात दाबून पाहिला. माझ्याकडे पाहिले. रेहानाची प्रत आता नको, म्हणाले.

काचेत सुई कापडात शिरली आहे. रफू पुरे होत आले आहे.

साहेबाची काच काढली. भिंगाखाली. टेबलावरचा कागद गच्च भरला आहे — सही, सही, सही, खालपर्यंत तीच एक सही. आणि पावतीवर अंगठा. तो निरक्षर नव्हता.

वाटले, काच फुटली तर हात सुटेल. न विचारता बहिरूची काच पाट्यावर फोडली. तासाभरात मैना धावत आली. हात खाली आला, पण लोंबतो आहे, ओल्या फडक्यासारखा. बोटाला चटका दिला तरी कळत नाही.

म्हणजे फोडायचीही नाही.

बुधवारी आठ — शनिवारी आठ. गुरुवारी बारा — आज बारा. शुक्रवारी आठ —

सोमवार, १९ नोव्हेंबर. सकाळ

झोपलो नाही. तिच्या नाकाशी हात धरून बसलो होतो. जागी झाली, म्हणाली, वय काय, करता काय.

डॉक्टर आणले. छाती ठणठणीत, म्हणाले. फी घेऊन गेले.

तिला काही सांगितले नाही. चुलीपाशी घुटमळत होतो, तर लुडबुड करू नका म्हणून बाहेर घालवले. भिंतीला पाठ लावून लिहितो आहे. ऐकू येते आहे. फूऽ. फूऽ. आज जाळ धरत नाही म्हणते, नुसता धूर. मी इथून ओरडलो, फुंकत राहा, थांबू नकोस. हसली. म्हणाली, आठवड्यात बरी सुधारणा झाली.

काच मांडीवर आहे. फुगलेले गाल बसले आहेत. चुलीत जाळ लागला आहे — तिथे — काचेत —

पावणेआठ.

खरे काय ते लिहून टाकतो. मासिकाची मला पर्वा नाही. बहिरू, अन्सारभाई, त्यांचे पाप माझ्या माथी आहे आणि तरीही आत्ता मला त्यांचीही काळजी नाही, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. काळजी एकच. त्यांना मी हात थांबवा म्हणालो होतो. हिला मी श्वास धर म्हणालो. आणि सोड असे म्हणालो की नाही ते मला आठवत नाही. तिने विचारले होते. मी फक्त हसलो बहुतेक —

फूऽ. ऐकू येते आहे. फूऽ.

आता सोड म्हणतो. मोठ्याने म्हणतो आहे. चंद्रभागे, सोड

फूऽ

फुंकणी पडल्याचा