दोन मिनिटांच्या शांततेत हसल्याबद्दल माफी न मागण्याबाबत

प्रति,
मा. सांस्कृतिक अधिकारी,
नगरपालिका नाट्यगृह विभाग.

विषय : शोकसभेत हसल्यावरून आम्हा पतीपत्नीवर घातलेली नाट्यगृहाची प्रवेशबंदी उठविणेबाबत.
संदर्भ : ‘वृद्ध जोडप्याचे असभ्य वर्तन’ असे शब्द असलेली आपली नोटीस.

महोदय,

मी शिवणकाम करणारी बाई असून माझे यजमान छापखान्यातील निवृत्त कामगार आहेत. ‘गप्प मास्तर’ म्हणून गाजलेल्या विनोदी नटाच्या निधनानिमित्त आपण भरविलेल्या शोकसभेस आम्ही उभयता हजर होतो. दोन मिनिटे शांतता पाळली जात असता आम्ही मोठ्याने हसलो, हे खरे आहे. बंदी उठवण्यासाठी आपण माफीनामा मागितला आहे. तो मी देणार नाही.

१. मास्तरांचे काम आपण पाहिलेले दिसत नाही. पडदा वर गेला की ते हात बांधून, मान खाली घालून नुसते उभे राहत. एक शब्द नाही. मग मागून कोणीतरी फिसकन हसे आणि बघता बघता सारे थिएटर गडाबडा लोळे. लग्नाआधी शिवणाच्या क्लासची थाप मारून मी ह्यांच्याबरोबर ते प्रयोग पाहिले आहेत. आणि अशा माणसासाठी आपण सर्व मान्यवर मंचावर हात बांधून, माना खाली घालून गप्प उभे राहिलात! हसू नये तर काय करावे?

२. आधी हसले ते यजमान. अर्धांगवायूनंतर ते एकदाही हसले नव्हते. औषधे झाली, मालिश झाली, नातवंडांच्या माकडचेष्टा झाल्या. काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी अर्ध्याच तोंडाने, पण खदखदून हसले. ते पाहून मीही हसले आणि रडलेही. तेवढ्यात आपल्या रक्षकाने “आजोबा, लाज नाही वाटत?” म्हणत त्यांचा लुळा हात धरून त्यांना बाहेर ओढले. शी!

३. असभ्य वर्तनाचेच म्हणाल तर प्रमुख वक्त्यांनी मास्तरांना ‘थोर गायक’ म्हटले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. फलकावर वक्त्यांचा फोटो दाराएवढा आणि मास्तरांचा पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. मास्तर अंथरुणाला खिळून होते तेव्हा आपल्या विभागाचे कुत्रेही तिकडे फिरकले नाही. आता हे वरातीमागून घोडे कशाला? शांतता संपते न संपते तोच चहाबिस्किटांवर जी झुंबड उडाली, तिची मला आलेली किळस अजून गेलेली नाही.

४. अर्ज तातडीचा आहे. आमच्या तरुणपणचे उरलेले कलावंतही पिकली पाने झाले आहेत. जादूचे प्रयोग करणाऱ्या बाई रुग्णालयात आहेत, नकलाकार माणसे ओळखत नाहीत. त्यांच्या सभा आपल्याच नाट्यगृहात होणार. आमच्या नशिबी आता प्रयोग कुठले, शोकसभाच. त्याही बंद केल्यात तर ह्यांना मी न्यावे कुठे? ती सभा म्हणजे मास्तरांचा प्रयोगच होता, अशी ह्यांची समजूत आहे. “पुढचा कधी?” असे बोबड्या बोलीत रोज विचारतात. मास्तर गेले हे सांगायचा मला धीर होत नाही.

तरी बंदी त्वरित उठवावी. उद्या यजमानांचे काही बरेवाईट झाले, तर त्यांची सभा मी घरीच घेईन. आपण जरूर यावे. भाषण मात्र करू नये. नुसते गप्प उभे राहावे; तेवढे आपल्याला उत्तम जमते.

आपली, नाइलाजाने नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : नोटीस मिळाली तोच
सोबत : आपली नोटीस, साभार परत