गाडी न चालवणारी आत्या आणि तिची शहरं

प्रिय सुधाआत्या,

पिट्सबर्गहून परत येऊन आठ दिवस झाले. तुझं घर आवरलं, किल्ली घरमालकाला दिली आणि इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, ऑफिसही सुरू झालं. पण आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. त्यात चूक माझी होती, हे मला तुझ्या घरी गेल्यावर कळलं. ते तुला सांगायला दुसरा मार्ग नाही, म्हणून लिहितेय.

काका गेले तेव्हा तू बेचाळीस वर्षांची होतीस. साताऱ्यातलं फिजिओथेरपीचं काम सोडून तू अमेरिकेला निघालीस, तेही एकटी. दोन्ही डोळ्यांना कडेचं दिसत नसल्यामुळे गाडीचं लायसन्स तुला मिळणारच नव्हतं. बाबा म्हणाले, "तिथे गाडीशिवाय काय करणार ही? दोन महिन्यांत परत येईल." तू सव्वीस वर्षं राहिलीस. आणि बसने, आगगाडीने, पायी फिरून तीन शहरं अशी ओळखलीस, की गाडीतून फिरणाऱ्यांना ती तशी दिसलीच नसतील.

ह्यूस्टनची तुझी गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! क्लिनिक दीड मैलावर, ऊन मरणाचं, आणि फुटपाथ मध्येच संपायचा. पहिल्याच आठवड्यात पोलिसांची गाडी तुझ्याशेजारी थांबली.

"मॅडम, गाडी बंद पडली का?"

"नाही, मी चालतेय."

"कुठे?"

"कामाला."

पोलिसाला ते काही पटेना. शेवटी त्याने तुला क्लिनिकच्या दारात आणून सोडलं. ते रिसेप्शनवरच्या ग्वादालूपेने पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती तुला गाडीतून घरून न्यायला आणि परत सोडायला लागली. एक-दोन दिवस नव्हे, तब्बल पाच वर्षं. तू म्हणायचीस, "ह्यूस्टनला चालायला जागा नाही, पण गाडीत जागा देणारे खूप." तरी तू ते सोडलंस. रोज कुणाच्या तरी सोयीने घरी जायचं, हे तुला झेपलं नाही.

शिकागोला गेलीस आणि फोनवरचा तुझा आवाजच बदलला. दर थोड्या वेळाने आगगाडी, आणि सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी. "एवढा लांब किनारा, मिनू, आणि कुणीही जाऊन बसावं. मला तर शहराने मुठीत काहीतरी दिल्यासारखं वाटतं." अकरा वर्षं तू तिथे रमलीस. मग स्टेशनच्या जिन्यावर बर्फावरून घसरून मनगट मोडलंस. प्लास्टरमध्ये सहा आठवडे काढलेस, आणि तेव्हा तुझ्या लक्षात आलं, की शेजारच्या दारामागे कोण राहतं हेही तुला माहीत नाही.

बॉस्टनला तू फक्त मुलाखतीला गेली होतीस. त्यावर तुझा अभिप्राय एका ओळीचा. "सगळे हुशार आहेत आणि सगळे घाईत."

मग पिट्सबर्ग. मी तेव्हा विचारलं होतं, "बर्फाला घाबरून निघालीस आणि टेकड्यांच्या शहरात गेलीस? तिथे तर गल्ल्यासुद्धा पायऱ्यांच्या आहेत." तू म्हणालीस, "असू दे. इथे बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. मला आवडलं."

एवढ्याशा गोष्टीवरून कुणी गाव निवडतं का?

गेल्या वसंतात तू सहा आठवडे आमच्याकडे आलीस. मी किती मिरवलं आमचं गाव! दारात ट्राम, कोपऱ्यावर बेकरी, सायकलींसाठी वेगळा रस्ता. तू माझ्या लेकीला, इराला, घेऊन ट्रेनने हॅनोव्हरला जाऊन आलीस. नऊ वर्षांची इरा तुझ्याशी जर्मन बोलत होती, तू तिच्याशी मराठी, आणि दोघींचं काही अडलं नाही. मला वाटलं, आता आत्या इथेच राहायचं बघणार. पण तू परतीची बॅग भरायला घेतलीस.

"तिथे तुझं कोण आहे?" असं मी विचारलं. आवाज चढवून विचारलं.

तू साडीची घडी घालत म्हणालीस, "इथे मला कुठेही जाता येतं, मिनू. पण गुरुवारी माझी वाट बघणारे लोक तिथे आहेत."

मी ते ऐकूनही घेतलं नाही. विमानतळापर्यंत धड बोलले नाही. हृदयाचा त्रास सुरू झालाय, हे तू मला सांगितलं नाहीस; तू गेल्याचा फोन आला तेव्हाच कळलं. मी नीट बोलले असते, तर सांगितलं असतंस का?

तुझ्या घरी पोचले तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात वरच्या गल्लीतली डोरोथी, ऐंशीच्या पुढची, हातात काठी. "आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "सुधा नाही, पण आम्ही जाणार आहोत. तू येतेस?"

स्टॉपवर सात जण उभे होते. गाडी चालवणं सुटल्यावर घरातच बसलेली माणसं. तू एकेकाच्या दारात गेलीस, गुडघ्यांचे व्यायाम करून घेतलेस, त्यांना पायऱ्या उतरायला शिकवलंस आणि बसने बाजारात नेलंस. चार वर्षं, दर गुरुवारी. डोरोथी म्हणाली, "मी दोन हिवाळे घराबाहेर पडले नव्हते. सुधा म्हणाली, मी आयुष्यभर गाडीशिवाय फिरले, तुम्हालाही जमेल."

बस आली. ड्रायव्हरने तिची पायरी रस्त्याला टेकवली आणि सगळे चढेपर्यंत थांबला. मी तुझी भाची आहे हे कळल्यावर त्याने टोपी काढली. मला बाजारात काय घेतलं ते आठवत नाही. मी रडत होते आणि डोरोथी माझी पिशवी धरून उभी होती.

आत्या, सगळ्यांत राहण्याजोगं शहर कोणतं, असं मी तुला इतक्यांदा विचारलं. पिट्सबर्गचा थोडा भाग तू स्वतःच तसा करून घेतलास. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

इथे सध्या माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्यात. भाषा येत नाही म्हणून महिनाभर बाल्कनीपलीकडे गेल्या नव्हत्या, आणि मला ते खटकलंही नव्हतं. काल मी म्हटलं, "आई, चला, ट्रामने बाजारात जाऊ." त्या म्हणाल्या, "अगं, तुला ऑफिस असेल." मी म्हटलं, "उशिरा जाईन." येताना त्यांनी मशीनमधून स्वतः तिकीट काढलं. तीनदा चुकलं, मागची रांग थांबली, पण मी मध्ये हात घातला नाही.

तुला शब्द देते. त्या परत जाईपर्यंत दर आठवड्याला आम्ही बाहेर पडू, आणि शेवटच्या महिन्यात त्या एकट्या जाऊन येतील. मी घरी थांबून वाट बघेन.

तुझ्यावर रागावलेली आणि आता न रागावलेली,
मिनू